दोषाचा रकाना

त्यांचं आडनाव फडके नव्हतं. खांद्यावर कायम एक पिवळं फडकं असायचं म्हणून आमच्या कचेरीतल्या कुणीतरी त्यांना फडके म्हटलं आणि ते चिकटलं. इतकं चिकटलं की एका वर्षी त्यांच्या नेमणुकीच्या कागदावरही तेच छापून आलं आणि तो कागद दुरुस्त करून घ्यायला बिचाऱ्यांना तीन टेबलं फिरावी लागली. तिन्ही टेबलांवरचे लोक हसले. त्यातलं एक टेबल माझं होतं. मीही पोटभर हसून घेतलं आणि मग कागद पुढच्या टेबलाकडे पाठवला.

आमची कचेरी जन्म-मृत्यूच्या नोंदींची. माणूस आला की आमच्याकडे, गेला की आमच्याकडे. मधल्या काळात तो काय करतो याच्याशी आमचा संबंध नसतो. इमारत दोन मजल्यांची, दर मजल्यावर बावीस संगणक. तळमजल्यावर लोकांच्या रांगा, त्यांच्या चपलांची माती, जुन्या नोंदवह्यांची भुकटी आणि रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या. रस्ताही असा गुणाचा की दर सहा महिन्यांनी कुणीतरी तो खणायचं, बुजवायचं आणि काहीतरी आत विसरल्यासारखं पुन्हा खणायचं. वरच्या मजल्यावर साहेब, थंड हवा, बंद काचा आणि गालिचे. संगणकांची देखभाल करायला दोन माणसं होती, दोघंही दर वर्षी नव्या कागदावर नेमलेली. तळमजला फडक्यांकडे आणि वरचा मजला बंबाकडे.

बंब हेही टोपणनावच. आग लागल्यावर बंब धावतो तसा तो यायचा. वरच्या मजल्यावर कुणाचा संगणक बंद पडला की जिन्यात धाडधाड पावलं वाजायची, बंब धापा टाकत हजर व्हायचा, बाह्या सरसावायचा. "मॅडम, काळजी नको, मी आलोय ना!" माणूस मनाने वाईट नव्हता, उलट लाघवी होता. साहेबांचं यंत्र त्याने एकदा ऐन बैठकीच्या आधी पाच मिनिटं सुरू करून दिलं, तेव्हा साहेबांनी उठून त्याची पाठ थोपटली. त्याच यंत्रात त्याने वर्षभर डोकावून पाहिलं नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायच्या असतात हेच कुणाला माहीत नव्हतं.

फडके कधी धावले नाहीत. धावायची वेळच त्यांच्यावर यायची नाही. दर तीन महिन्यांनी एकेका यंत्राची पाळी यायची आणि त्या दिवशी सकाळी ते टेबलाशी येऊन उभे राहायचे. "ताई, अर्धा तास तुमचं पोर माझ्याकडे द्या. न्हाऊ घालून आणतो."

मी भांडार आणि नोंदवह्या सांभाळणारी लिपिक. नाकाने कांदे सोलणारी, हे माझं मीच सांगते, म्हणजे दुसऱ्याला त्रास नको. पण त्यांचं काम बघायला मला आवडायचं. आधी संगणक नीट बंद करायचा, घाईने बटण दाबून गळा आवळायचा नाही. मग भिंतीवरचं बटण, मग वायर भिंतीतून काढायची. सगळं निघाल्यावर पुढचं सुरू करायचं बटण ते दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, वायरच काढलीत, आता दाबून काय उपयोग?"

"पोटात थोडी वीज उरते, ताई. तिला वाट करून द्यावी लागते."

मागच्या प्रत्येक वायरीला त्यांनी वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला होता, परत जोडताना घोळ नको म्हणून. संगणकाचा डबा उचलून ते मागच्या उघड्या व्हरांड्यात न्यायचे. खोलीत झाडलं तर धूळ फक्त बिऱ्हाड बदलते, असं त्यांचं म्हणणं. तिथे एक लाकडी टेबल होतं, त्यावर डबा आडवा. स्क्रू बाटलीच्या झाकणात. आत हात घालण्याआधी ते डब्याच्या उघड्या पत्र्याला हात टेकवायचे, आणि काम करता करता पुन्हा पुन्हा टेकवायचे. थंडीच्या दिवसांत लोकरीचा स्वेटर काढून खुर्चीवर ठेवायचे आणि नुसत्या सुती सदऱ्यात कुडकुडत काम करायचे. "आपल्या अंगात ठिणगी असते. आपल्याला मुंगी चावल्यासारखी वाटते, याचा मात्र जीव जातो."

मग नाकातोंडावर रुमाल. पंख्याच्या पात्यांत आइस्क्रीमची काडी अडकवायची, तो फिरू नये म्हणून. वाऱ्याने पंखा गरगर फिरतो, बघायला मजा येते, पण त्यात त्याचं बेअरिंग जातं. छोट्या ब्लोअरने थांबत थांबत वारा मारायचा, सलग नाही. कोपऱ्यात बसलेली धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने उचलायची. ब्रशच्या पत्र्याच्या कडीला चिकटपट्टी गुंडाळलेली, कुठे घासायला नको. वीज पुरवणारी पेटी मात्र ते कधी उघडायचे नाहीत, तिच्या जाळीतून बाहेरूनच वारा. वायर काढली तरी ती पेटी बराच वेळ जिवंत असते, तिच्याशी थट्टा नाही, असं ते सांगायचे. शेवटी डबा जागेवर ठेवायचा, तोही जमिनीवर नाही, वीतभर उंच लाकडी पाटावर. सुरू केल्यावर कान लावून पंखा ऐकायचा. पंखा गप्प असला की मान डोलवायची आणि पुढच्या टेबलाकडे जायचं.

त्या खणलेल्या रस्त्याच्या काठावर, त्या मातीत, बावीस यंत्रं सहा वर्षं जवळजवळ एकदाही अडली नाहीत. आम्हाला ते इतकं सवयीचं झालं होतं की यंत्रं अशीच असतात असं आम्ही समजत होतो.

आता वहीचं सांगते. म्हणजे माझं सांगते.

यंत्रांच्या देखभालीची एक नोंदवही होती आणि ती माझ्या ताब्यात होती. रकाने पाच. तारीख, यंत्राचा क्रमांक, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती आणि सही. फडके सुरुवातीला त्यात निबंध लिहायचे. "पंख्यावर धूळ. थर नखाएवढा. पात्यामागे केसांची गुंडाळी. सगळं काढलं. पंख्याचा आवाज होता, आता नाही." अक्षर मोठं, रकाना अरुंद. दोषातला मजकूर दुरुस्तीत सांडायचा, दुरुस्तीतला सहीत. वार्षिक तपासणीला आलेल्या बाईंनी त्यावरून मला चारचौघांत बोल लावले. मी खाली आले आणि तो राग फडक्यांवर काढला.

"फडके, हे काय मामाला पत्र लिहिताय? दोष म्हणजे बिघाड. धूळ म्हणजे बिघाड नव्हे. बिघाड नसेल तर सरळ लिहा, 'काही नाही'. दोन शब्द. पुढच्या रकान्यात रेघ मारा आणि सही करा."

ते वहीकडे बघत राहिले. "पण ताई, धूळ काढली म्हणूनच बिघाड झाला नाही ना?"

"ते तुम्हाला माहीत. रकान्याला नाही माहीत."

माझं हे वाक्य त्या वेळी मला फार आवडलं होतं. मी ते जेवणाच्या सुट्टीत दोघींना ऐकवलंसुद्धा.

फडक्यांनी ऐकलं. सांगितलेलं ऐकणारा माणूस. त्या दिवसापासून प्रत्येक ओळीत तेच. यंत्र क्रमांक चार, काही नाही. यंत्र क्रमांक पाच, काही नाही. अक्षर लहान केलं, रकान्याच्या आत बसवलं. पुढच्या तपासणीत वहीवर शेरा आला, 'नोंदी नीटनेटक्या'. मी तो शेरा त्यांना दाखवला तेव्हा त्यांनाही आनंद झाला.

सहा वर्षं अशी गेली, आणि मग एक पद मंजूर होऊन आलं. कायमचं पद, एकच. दोघांतला एक कायम होणार आणि दुसऱ्याचा कागद पुन्हा निघणार नाही. फडके तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. कायम माणसाला कचेरीच्या मागच्या चाळीत दोन खोल्या राहायला मिळायच्या. त्या दोन खोल्यांसाठी फडक्यांचा जीव अडकला होता, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या बायकोचा. लग्नानंतर त्यांनी नऊ घरं बदलली होती. कुठे घरमालकाचा मुलगा परत आला, कुठे भाडं वाढलं, कुठे नुसतंच "महिनाअखेर रिकामं करा". त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "ताई, नऊ घरांत मिळून मी एक खिळा ठोकलेला नाही. घरमालकांना चालत नाही. यांचा आरसासुद्धा आम्ही खिडकीत टेकवून ठेवतो."

एका दुपारी त्या कचेरीत आल्या. फडक्यांना संकोच वाटत होता, त्या मात्र माझ्याकडे सरळ आल्या आणि म्हणाल्या, त्या खोल्या बाहेरून बघता येतील का? मी चावी घेऊन आतूनच दाखवल्या. रिकाम्या, पोपडे आलेल्या दोन खोल्या. त्यांनी पिशवीतून शिवणाची फीत काढली आणि खिडक्यांची मापं घेतली. मी म्हटलं, "वहिनी, अजून काही ठरलेलं नाही हो." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पण यांच्याइतकं नेटकं काम इथे दुसरं कोण करतं, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "कुणीच नाही." हे मी म्हटलं होतं, माझ्या तोंडाने.

साहेब नवे होते. त्यांना आकडे लागायचे. एखाद्याची आई वारली तरी किती वाजता ते आधी विचारतील, असा स्वभाव. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "दोघांचं सहा वर्षांचं काम एका तक्त्यात द्या. कुणी किती दुरुस्त्या केल्या. मला गोष्टी नकोत."

तीन दिवस मी वही उलटत बसले. वरच्या मजल्याच्या पानांवर बंबाचा संसार भरगच्च होता. पंखा अडकला, सोडवला. आपोआप बंद होते, सुरू केले. तापते, तात्पुरता उपाय केला. तेच यंत्र पुन्हा पुढच्या महिन्यात, पुन्हा त्याच्या पुढच्या. तळमजल्याच्या पानांवर बावीस यंत्रं, वर्षातून चारदा, सहा वर्षं, म्हणजे पाचशे अठ्ठावीस ओळींत माझे दोन शब्द. दुरुस्तीच्या रकान्यात रेघ. मी तक्ता केला. वरचा मजला, दुरुस्त्या तीनशे सोळा. तळमजला, दुरुस्त्या चौदा.

आकडा लिहिताना माझा हात थांबला, हे खरं आहे. एक तळटीप टाकावी असं मनात आलं. पण तळटिपेत काय लिहायचं? की धुळीची नोंद वहीत करू नका असं मीच सांगितलं? त्या महिन्यात साहेब माझा गोपनीय अहवाल लिहिणार होते आणि माझी बढती दोन वर्षं अडली होती. मी तक्ता तसाच पाठवला. दुसऱ्या दिवशी तो फलकावर लागला.

फडके फलकासमोर उभे राहिले, बोट ठेवून वाचलं आणि माझ्या टेबलाशी आले. मी बोलणी ऐकायच्या तयारीने मान खाली घातली होती.

"ताई, चौदा कसे आले? अकराच होते. ते तीन कळफलक बदलले तेही धरलेत का? ती काही दुरुस्ती नव्हे, नुसती अदलाबदल."

मग माझाच आवाज चढला. "फडके, तुम्हाला काही समजतंय का? तो तीनशे सोळा आहे आणि तुम्ही चौदा. अकरा काय करताय? साहेबांकडे जा आणि बोला!"

"काय बोलू?"

"हेच, की तुमची यंत्रं बंद पडत नाहीत!"

ते दुसऱ्या दिवशी गेले. साहेबांनी वही मागवली म्हणून मलाही वर जावं लागलं. बंब दाराशी उभा होता, त्याने फडक्यांना वाट करून दिली आणि खरोखर मनापासून म्हणाला, "काका, ऑल द बेस्ट." साहेबांनी फडक्यांकडे पाहिलं, खांद्यावरच्या फडक्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे सफाईचे ना?"

"देखभालीचे, साहेब," मी म्हटलं. त्या खोलीत मी त्यांच्यासाठी बोललेले तेवढेच दोन शब्द.

"बरं. गेल्या वर्षी तुम्ही काय काय दुरुस्त केलंत?"

"गेल्या वर्षी काही बिघडलंच नाही, साहेब."

"मग वर्षभर काय करत होतात?"

फडक्यांना बोलता येत नसे. पण ते तयारीने आले होते. खिशातून त्यांनी वर्तमानपत्राची एक पुडी काढली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि उलगडली. आत राखाडी धुळीचा, केसांचा, धाग्यांचा मूठभर गोळा. "साहेब, हे एका यंत्रातलं. तीन महिन्यांचं. हे आत राहिलं की..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वरच्या थंड हवेचा झोत त्या पुडीवर आला. धूळ टेबलाच्या काचेवर, साहेबांच्या चहावर, नाकात. साहेब लागोपाठ चार वेळा शिंकले. बाहेर बंब फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मला अजून हसू येतं आणि आल्याबरोबर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"ही घाण आधी बाहेर न्या," साहेब म्हणाले. मग वही उघडून त्यांनी एका ओळीवर पेन टेकवलं. "आणि हे काय? पान न् पान काही नाही, काही नाही. याचा अर्थ काय?"

प्रश्न मला होता. फडके ओंजळीत ती पुडी धरून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अर्थ ज्या बाईने सांगितला तीच इथे उभी आहे, आता ती सांगेल आणि सगळं मिटेल, असा त्यांचा चेहरा होता.

"काही नाही म्हणजे... दोष आढळला नाही, साहेब."

"आणि काम?"

"नोंदीप्रमाणे, नाही."

नोंदीप्रमाणे. आमच्या कचेरीत हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या आड उभं राहिलं की माणूस खोटंही बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. फडक्यांनी पुडी नीट बंद केली, टेबलावर सांडलेली धूळ त्या पिवळ्या फडक्याने टिपून घेतली आणि आम्ही दोघं जिना उतरलो. जिन्यात मी काहीतरी बोलले, रस्त्याच्या खणण्याबद्दल.

बंब कायम झाला. मागच्या दोन खोल्या त्याला मिळाल्या. तो एकटाच होता, एका खोलीत राहायचा आणि दुसरीत सायकल ठेवायचा. वहिनींनी पडद्यांचं कापड आधीच घेतलं होतं असं नंतर कळलं. त्यांच्या दहाव्या घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या निघाल्या. माझी बढती झाली. पेढे वाटले नाहीत, एवढी लाज मला होती. पण बढती घेतली.

फडके गेल्यावर तळमजला सात महिने टिकला. मग एकेक यंत्र खोकायला लागलं. पंखे घरघरायचे, डबे तापायचे, मध्येच पडदा काळा. बंब वरून खाली, खालून वर. एकदा त्याने मोठ्या हुशारीने झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनर आणून डब्यांच्या पोटात घातला. आवाज जोरात झाला, धूळ भराभर गेली, लोकांनी कौतुकाने पाहिलं आणि त्या नळीच्या ठिणगीने संध्याकाळपर्यंत दोन यंत्रं कायमची गेली. त्या दोन यंत्रांच्या रांगेत एक बाई होत्या, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला न्यायला आलेल्या. त्यांना तीनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी त्या मला म्हणाल्या, "ते गेलेत याबद्दल तुम्हाला काही शंका आहे का?" मी त्यांना पाणी दिलं. त्या वर्षी बंबाला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं, कारण त्याच्या दुरुस्त्या दुप्पट झाल्या होत्या. ते पत्र मीच टंकलिखित केलं.

फडक्यांना मी मनातल्या मनात खूपदा भेटले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात भेटायला कधी गेले नाही. लाज असली की रस्ता लांब वाटतो.

चार वर्षांनी माझ्या रक्ताच्या तपासणीचा कागद आणायला मी एका खाजगी तपासणी केंद्रात गेले. तिथेही तेच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "संगणक बंद पडलाय, सर येताहेत." पंधरा-वीस माणसं बाकांवर बसलेली, कुणी उपाशीपोटी आलेलं, कुणी पोराला मांडीवर घेऊन. एक म्हातारे गृहस्थ शस्त्रक्रियेआधीचा कागद घ्यायला आले होते आणि घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात मुलगी उठून उभी राहिली. "सर, बरं झालं आलात!"

फडके होते. इस्त्रीचा शर्ट, खांदा रिकामा, हातात कातडी पिशवी. लोक बाजूला सरकले. त्यांनी वायर काढली, पत्र्याला हात टेकवला, डबा उघडला. हात तेच होते, काही विसरले नव्हते. मी जवळ सरकून आत डोकावले आणि चरकले. गोधडी पसरावी तशी धूळ. त्यांनी त्यातल्या एकाच पंख्यावरची तेवढी काढली. बाकीची जशीच्या तशी ठेवून झाकण लावलं. आठ मिनिटांत यंत्र सुरू. बाकांवरून सुटकेचा आवाज आला, म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय, बाबा."

मग त्यांनी मला पाहिलं. "अरे, ताई!" चेहऱ्यावर खरा आनंद. मला आतल्या बाकावर बसवलं, स्वतः चहा आणून दिला. वहिनी बऱ्या आहेत, म्हणाले. इथे त्यांना गेल्या वर्षी कायम केलं. बंबाची चौकशी केली.

मला राहवलं नाही. "फडके, आत अजून एवढी धूळ आहे. ती का ठेवलीत?"

"राहू दे, ताई." आवाज जरा खाली आणला, पण लपवत नव्हते. "सगळी काढली तर वर्षभर बंद पडणार नाही."

"मग चांगलंच ना?"

"पहिले चार महिने मीही असंच समजलो. जुनी खोड. सगळी यंत्रं लख्ख ठेवली. पाचव्या महिन्यात मालकांनी बोलावलं आणि विचारलं, तुमचं इथे नक्की काम काय? तेव्हा तुमचा तो तक्ता डोळ्यांपुढे आला. त्या दिवसापासून एकच पंखा साफ करतो. महिन्यातून दोनदा काहीतरी अडतं, मी येतो, सुरू करून देतो. मालक म्हणतात, तुमच्यावाचून पान हलत नाही."

"आणि ही बाहेरची माणसं? ती खोळंबतात त्याचं काय?"

"खोळंबतात," ते म्हणाले. "खोळंबली म्हणजे मी त्यांना दिसतो."

माझा चहा निवत होता. बाहेर मुलगी नावं पुकारत होती. पाठ करून ठेवलेलं सगळं मी विसरले आणि एवढंच विचारलं, "माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"छे हो! राग कशाचा?" ते मनापासून चकित झाले होते. "मला कुणीतरी समोर मोजून दाखवायला हवं होतं. तुम्ही दाखवलंत. एकोणपन्नासाव्या वर्षी का होईना, अक्कल आली. खरं सांगू, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठे टोमणा दिसतो का म्हणून. टोमणा असता तर मी तो पदरात घेऊन घरी गेले असते, दोन दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते. पण तसं काही नव्हतं. माणूस खरोखर आभार मानत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

कुणी आभार मानले की आपण म्हणतो तसं मी म्हणाले, "असू द्या, त्यात काय."